सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशन : एका पालकाचा अभिप्राय
विभक्त झाल्यानंतर मुलीचा ताबा आणि भेटीच्या वेळा यांवरून आमच्यात उभा राहिलेला वाद कौटुंबिक न्यायालयात गेला, तेव्हा तेथील समुपदेशन मला सर्वांत मोलाचे वाटले. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ प्रमाणे शक्य तेथे तडजोडीसाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. समुपदेशकांनी आम्हा दोघांना आधी वेगवेगळे आणि मग समोरासमोर बसवून शाळा, आजारपण, उन्हाळी सुट्टी, इतकेच नव्हे तर संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा मुलीने कोणत्या वर्षी कोणाबरोबर पाहावी, हेही शांतपणे ठरवून घेतले. मुलीशी बोलताना त्यांनी तिला कोणाचीही बाजू घ्यायला लावली नाही, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

आमच्या वकिलांनी केलेल्या तडजोडीच्या पहिल्या मसुद्यात मात्र ‘सोयीनुसार भेट’ एवढेच लिहिलेले होते. असे मोघम शब्द पुढच्या भांडणाला निमंत्रण देतात, म्हणून वार, वेळ आणि मुलाला सोपवण्याचे ठिकाण स्पष्ट लिहून घ्यावे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली मुलांच्या ताब्याबाबत झालेला आदेश परिस्थिती बदलल्यास अर्ज करून बदलूनही घेता येतो.