जुना लॅपटॉप, नऊ महिन्यांनंतर: पहिल्या आयटी नोकरीसाठी घेतला होता

घेतला तेव्हा बीसीए होऊन चार महिने झाले होते आणि नोकरीचा पत्ता नव्हता. एका कंपनीने वापरून काढून टाकलेला बिझनेस लॅपटॉप: आय५ प्रोसेसर, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १७,५०० रुपये. झाकणावरचा स्टिकर खरवडल्याची खूण अजून आहे. बेळगावच्या वडगावात आमच्या घराला लागून माग चालतात, तेव्हा लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज किती येतो हे मला विचारू नका.

सातव्या पिढीचा तीन हजारांनी स्वस्त मिळत होता. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. तीन हजार जास्त गेले ते बरंच झालं.

फसले ती बॅटरीत. दुकानदार म्हणाला, "चार तास आरामात." घरी येऊन powercfg /batteryreport ही कमांड दिली तर मूळ क्षमता ४८ वॅट-तास आणि आता भरते २६. पावणेदोन तासांत खेळ खलास, आणि पावसाळ्यात करंट कधी जाईल याचा नेम नाही. ती कमांड दुकानातच चालवून बघा. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगला, पासवर्ड असेल तर तो लॅपटॉप घेऊच नका.

रॅम लगेच १६ केली, कारण मला त्यावर सरावासाठी लॅब मांडायची होती. एकाच लॅपटॉपच्या आत अनेक आभासी मशिन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट, विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्तीही फुकट. पहिल्या संध्याकाळी एकही मशिन सुरू होईना. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे अशी मशिन चालू देणारी सोय, बंद होतं. मग डोमेन, म्हणजे ऑफिसातली सगळी मशिन एका सर्व्हरखाली जोडायची व्यवस्था. क्लायंट मशिन डोमेनला जोडायला दोन रात्री गेल्या. दर वेळी एकच उत्तर, डोमेन सापडत नाही. पिंग (मशिन पोचतं का हे बघायची हाक) मात्र व्यवस्थित जात होता! शेवटी लक्षात आलं, क्लायंटच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशिनचा पत्ता कोणाला विचारायचा त्या जागी, घरच्या राउटरचा पत्ता होता. माझं डोमेन राउटरला काय माहीत, ते फक्त माझ्या सर्व्हरला ठाऊक. पत्ता बदलला आणि जोडलं गेलं. आतून आई म्हणाली, "रात्री दोनला काय ओरडायलीस गं?"

असं जे जे बिघडलं ते एका शंभर पानी वहीत लिहीत गेले: काय दिसलं, काय करून पाहिलं, निघालं काय.

पोर्टलवरच्या अर्जांबद्दल फार लिहीत नाही. पाऊणशे अर्ज, चार फोन, त्यातले दोन "ट्रेनिंग डिपॉझिट" मागणारे. 'फ्रेशर हवा, अनुभव दोन वर्षे' अशीही एक जाहिरात होती. शेजारचे काका रोज विचारायचे, "लॅपटॉप घेतलीस खरं, नोकरी कुठाय?"

जागा कळली बाबांच्या मित्राकडून. उद्यमबागेतली एक फाउंड्री, आयटी सपोर्टला एक मुलगा-मुलगी कोणीही चालेल. इंटरव्ह्यूत सरांनी मार्कलिस्ट उघडलीच नाही. "एका मशिनचा आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय, नेट नाही. काय झालं?" हे मी मुद्दाम डीएचसीपी, म्हणजे मशिनांना आपोआप आयपी पत्ता वाटणारी सेवा, बंद करून पाहिलं होतं, कोणी पत्ता देईना की विंडोज स्वतःच असला पत्ता घेतं. म्हटलं, "सर, मशिन डीएचसीपीपर्यंत पोचत नाही. आधी केबल आणि नेटवर्कचा स्विच बघीन." मग विचारलं, कन्नड येतं का. "बर्तैत्री, सर." (येतं की, सर.) शॉपफ्लोअरवर निम्म्यांशी कन्नडमध्ये आणि निम्म्यांशी मराठीत बोलावं लागतं, तेव्हा हा प्रश्न काही उगाच नव्हता. पगार १४,०००.

या लॅपटॉपची सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे त्याचा एक बिघाड. पाचव्या महिन्यात बॅटरी पूर्ण उतरली आणि परत सुरू केला तर प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडवायला लागली. तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. बोर्डावरचा छोटा सेल मेलेला. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं सर्टिफिकेट चालत नाही.

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात वजनकाट्याच्या खोलीतून फोन: नेट गेलंय, ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचं ऑनलाइन बिल) निघत नाही, गेटवर तीन गाड्या उभ्या. माल पन्नास हजारांच्या वरचा, बिलाशिवाय गाडी सुटत नाही. गेले तर नेट ठणठणीत होतं; स्क्रीनच्या कोपऱ्यात १ जानेवारी. तारीख बदलली, साइट उघडली. जेवणाच्या सुट्टीत सीआर२०३२ सेल आणून बसवला. ड्रायव्हरने तेवढ्यात विचारलंच, "कॉम्प्युटरला पण सेल लागतो?"

सध्याची तक्रार एकच. चार्जिंगची पिन सैल झाली आहे, विशिष्ट कोनातच चार्ज होतो. वायरखाली काहीतरी ठेवावं लागतं. ती शंभर पानी वही बरोबर त्या उंचीची आहे.