पोस्टडॉक लावून देणाऱ्या कन्सल्टन्सीचा रिव्ह्यू (माझे २२ हजार गेले)

नाव घेत नाही, पण पीएचडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यांची जाहिरात तुम्ही पाहिली असेलच, 'कॅन्सर बायॉलॉजी, इम्युनॉलॉजी, परदेशात पोस्टडॉक, फुल सपोर्ट'. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी. माझा थिसिस सबमिट झालेला, फेलोशिप बंद, आई रोज विचारणार आता पुढे काय, अशा वेळी माणूस कुठंही पैसे भरतो. मी भरले, २२ हजार, वर जीएसटी.

पॅकेजमध्ये सीव्ही, कव्हर लेटर, १५० लॅबना मेल आणि व्हिसा गायडन्स. माझं काम ट्यूमरमधल्या मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकारपेशींवर, आणि कव्हर लेटर आलं त्याच्या दुसऱ्या पॅऱ्यात लिहिलेलं की मला प्लांट स्ट्रेस फिजिऑलॉजीचा दांडगा अनुभव आहे! कुणातरी आधीच्या गिऱ्हाइकाचं लेटर उचललेलं, वरचं नाव तेवढं बदललेलं. सांगितल्यावर दुरुस्त केलं, पण तोवर ४० मेल गेले होते. १५० पैकी उत्तरं आली ४. तिघांकडे जागा नाही आणि चौथ्यांनी लिहिलं मी यीस्टवर काम करतो, शुभेच्छा.

व्हिसा आणि फंडिंगचा सल्ला तर विचारूच नका. काउन्सेलर म्हणाला एफ३२ला अप्लाय करा, ती एनआयएचची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची, फेलोशिप फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळते हे त्याच्या गावीच नाही. आपल्यासारख्यांना चालते ती एनआयएचचीच के९९ ग्रँट, पण तीही तिकडे जाऊन बसल्यावर आणि पोस्टडॉकची ४ वर्षं पुरी व्हायच्या आत. युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपबद्दल म्हणे कधीही भरा. अहो, वर्षातून एकदाच असते ती, साधारण सप्टेंबरात डेडलाइन, शिवाय ज्या देशात जायचं तिथं आधीच्या ३ वर्षांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. कहर म्हणजे अमेरिकेच्या जे-वन (एक्स्चेंज) व्हिसावर गेलात तर २ वर्षं भारतात परत येऊन राहावं लागतं, त्याच्या वेव्हरचे, म्हणजे त्यातून सूट मिळवायचे, अजून २५ हजार पडतील म्हणाला. तो नियम अमेरिकेच्या ज्या स्किल्स लिस्टमुळे (कुठल्या देशाला कुठली कौशल्यं परत हवीत त्याची यादी) आपल्याला लागायचा त्यातून भारताचं नाव डिसेंबर २०२४ मध्येच निघालंय, सरकारी फंडिंगवर गेलात तर मात्र अजूनही लागू शकतो. मी म्हटलं लिंक पाठवते तुम्हाला, तर फोन कट.

आणि भारतात काही नाही हे त्याचं पालुपद. नेक्सकार१९ ही आपली कार-टी थेरपी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि हा बाबा मला सांगतोय इथं इम्युनोथेरपी होत नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकच्या, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्राच्या, साइटवर रिसर्च असोसिएटच्या जागा निघत असतात, ते बघायला एक रुपया लागत नाही. २०२३ च्या रिव्हिजननंतर आरए-वनला, म्हणजे रिसर्च असोसिएटच्या पहिल्या पायरीला, महिना ५८ हजार आणि वर एचआरए, वेळेवर येतात का हा वेगळा विषय, त्यावर मी बोलायला लागले तर रात्र पुरणार नाही.

एक गोष्ट चांगली होती ती सांगते. मॉक इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडम स्वतः पोस्टडॉक करून आलेल्या, त्यांनी माझं प्रेझेंटेशन तिसऱ्या स्लाइडलाच थांबवलं आणि विचारलं, या फ्लोच्या (एकेक पेशी तपासून मोजायचं तंत्र) प्लॉटमध्ये डेड सेल्स काढल्यात का? काढल्या होत्या, पण स्लाइडवर दिसत नव्हतं. गेटिंग, म्हणजे कुठल्या पेशी निवडत गेलात ते, सुरुवातीपासून दाखवा, फसलेला प्रयोगही सांगा, लपवू नका म्हणाल्या. तो एक तास पैशाचा होता.

शेवटी मेल मीच लिहिला, सहा ओळींचा. ज्या लॅबमध्ये जायचं होतं त्यांच्या पेपरमध्ये चौथ्या फिगरला टी-रेग (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी) कमी केल्यावर ट्यूमर लहान होतो पण मॅक्रोफेज तेवढेच राहतात असं दिसत होतं, मी विचारलं तेवढेच राहतात की बदलतात, कारण माझ्या उंदरांमध्ये संख्या तीच पण मार्कर (पेशीची ओळख सांगणारे रेणू) वेगळे. दोन दिवसांत रिप्लाय, पुढच्या आठवड्यात झूमवर टॉक, मग तीन रेफरन्स. पगाराचं विचारायला लाजू नका, एनआयएचचा २०२४ चा नवख्या पोस्टडॉकचा आकडा वर्षाला ६१,००८ डॉलर, तो ट्रेनिंग ग्रँटवाल्यांसाठी असतो पण बऱ्याच ठिकाणी तोच धरून पगार ठरतो. ग्रँट किती वर्षांची उरलीय हेही विचारा, मी विचारलं आणि पीआयला, म्हणजे लॅबप्रमुखाला, अजिबात राग आला नाही.

रेटिंग पाचपैकी दीड, ते सगळं मॉकवाल्या मॅडमचं. रिफंड मागितला तर म्हणे १५० मेल पाठवले ना आम्ही. आणि माझी ऑफर आल्याचं कुठून कळलं कोण जाणे, परवा त्यांच्या स्टेटसला माझा फोटो, खाली 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. काढायला लावलाय.