जठराचा लिम्फोमा: शस्त्रक्रिया करावी की औषधोपचार?

बायोप्सीत जठराचा लिम्फोमा आढळला की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'ऑपरेशन कधी?' हाच असतो. जठराच्या नेहमीच्या कर्करोगात बरे होण्याचा मुख्य मार्ग शस्त्रक्रिया हाच असल्यामुळे तो स्वाभाविकही आहे. लिम्फोमा मात्र लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा आजार असून औषधांना आणि किरणोपचाराला तो चांगली दाद देतो, म्हणून आधी त्याचा प्रकार पक्का करून घ्यावा.

माल्ट लिम्फोमा या सावकाश वाढणाऱ्या प्रकाराच्या मुळाशी बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. आजार जठरापुरता असेल, तर प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांच्या सुमारे दोन आठवड्यांच्या उपचाराने चारपैकी तिघांचा लिम्फोमा ओसरतो. त्याला काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो, तेवढा धीर धरावा लागतो आणि एंडोस्कोपी (दुर्बिणीने जठराची तपासणी) पुन्हा पुन्हा करावी लागते. उरलेल्यांसाठी कमी मात्रेचे किरणोपचार उत्तम ठरतात. येथे शस्त्रक्रियेची बाजू विशेष दुबळी आहे, कारण हा आजार जठरात एकाच वेळी अनेक ठिकाणी असू शकतो आणि थोडा भाग कापून तो संपत नाही.

वेगाने वाढणाऱ्या डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकाराबाबत मेक्सिकोतील ५८९ रुग्णांची, २००४ साली प्रसिद्ध झालेली तुलना मला निर्णायक वाटते. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या या रुग्णांपैकी केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटात दहा वर्षांचे जीवितप्रमाण ५४ टक्के, शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी घेतलेल्यांत ९१ टक्के, तर केवळ केमोथेरपी घेतलेल्यांत ९६ टक्के होते. आज केमोथेरपीला रिटुक्सिमॅब या बी-पेशींना लक्ष्य करणाऱ्या औषधाची जोड मिळते. केमोथेरपीचेही कष्ट आहेत: संसर्गाचा धोका, केस गळणे, हृदयावरील ताण. हृदयावरील ताण सोडल्यास ते बहुतांशी तात्पुरते असतात. संपूर्ण जठर काढल्यावर मात्र थोडे थोडे खाणे, वजन घटणे आणि ब जीवनसत्त्व १२ ची इंजेक्शने ही जन्माची सोबत होते.

तरीही जठराला छिद्र पडले, एंडोस्कोपीने न थांबणारा रक्तस्राव झाला किंवा अन्नाचा मार्ग बंद झाला, तर शस्त्रक्रियाच जीव वाचवते. खोल व्रण असलेल्यांना केमोथेरपीच्या काळातही हा धोका असतो. म्हणून त्या दिवसांत अचानक तीव्र पोटदुखी, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे.