पुट ऑफ की कॉल ऑफ?
दोन्हीत ऑफ आहे म्हणून लोक सर्रास घोळ घालतात. मीटिंग पुट ऑफ केली म्हणजे पुढे ढकलली, होणार आहे पण नंतर, आणि कॉल ऑफ केली म्हणजे रद्दच, विषय संपला. कॉल ऑफ तसं सरळ आहे. पुट ऑफ मात्र डांबरट, कारण कुणाच्या उद्धट बोलण्याने मन उडालं तरी पुट ऑफच म्हणतात, आणि आपण एखाद्या कामाची टाळाटाळ करत राहतो ना, तिथेही हेच. 'इट' आलं की दोन्हीत मधेच बसतं, पुट इट ऑफ, कॉल इट ऑफ. 'पुट ऑफ इट' चूक. ईमेलमध्ये मी तर सरळ पोस्टपोन नाहीतर कॅन्सल लिहितो, उगाच कोणी रद्द समजून घरी बसायला नको.