७८० ग्रॅमच्या मशीनमध्ये एक किलो गॅस

मे महिन्यात ऐरोलीत एसी बिघडला की माणसाचं डोकं फार चालत नाही. माझंही चाललं नाही, आणि त्याचे मी ३,८०० रुपये मोजले.

आमचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी. संध्याकाळी लावला की गार हवा यायची, मध्यरात्रीनंतर वारा कमी कमी होत जायचा आणि पहाटे इनडोअरमधून पाणी टपकायचं. मी फिल्टर काढून धुतले. आतल्या कॉइलवर बर्फ धरलेला दिसला. दोन-तीन व्हिडिओ पाहिले, त्यात एक जण म्हणाला, बर्फ धरतो म्हणजे गॅस कमी. झालं! निदान पक्कं. ऑनलाइन छोटा डबा मागवून आपणच गॅस भरावा इथपर्यंत माझी मजल गेली होती. बायकोने डोळे वटारले म्हणून मॅपवर शोधून कंपनीच्या नावाने दिसणाऱ्या 'सर्व्हिस सेंटर'ला फोन लावला. तो कंपनीचा नंबर नव्हताच, हे नंतर कळलं.

दुपारी एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी आर्जवी. दारातच मी त्याला विचारलं, "गॅस कमी झालाय ना?" हीच माझी पहिली चूक. चोराला किल्ली देऊन वर कपाट कुठलं तेही दाखवल्यासारखं. त्याने फिल्टरसुद्धा उघडून पाहिला नाही. "हो साहेब, इथे खाडीच्या हवेने कॉपर कॉइल गळतेच," म्हणाला. खाडीकाठी कॉइल लवकर खराब होते हे खरंच आहे, आमच्याच सोसायटीत दोघांच्या बदलाव्या लागल्यात. त्यामुळे पुढचं सगळं मला पटत गेलं.

एसी चालू ठेवून त्याने आउटडोअरच्या जाड पाइपच्या व्हॉल्व्हला गॅसचा दाब मोजणारा गेज लावला. काटा ११५ वर. "अडीचशे पाहिजे, निम्म्याहून जास्त गॅस गेलाय." मग सिलिंडर जोडला, फुस्स आवाज आला, थोडा वेळ खिडकीत वाकून खटपट केली. "आता गॅस सेट होऊ द्या," म्हणत रिमोटने एसी बंद करायला लावला. दहाएक मिनिटांनी मला बोलावून काटा दाखवला, बरोब्बर २५० च्या आसपास. मी चक्क त्याला सरबत दिलं.

व्हिजिटचे ४००, गॅसचे २,८०० आणि कॉइलला 'कोटिंग'चे ६००. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. बिल म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, त्यावर ना पत्ता ना जीएसटी नंबर. त्या रात्री एसी गार चालला. दुसऱ्या पहाटे पुन्हा टपटप. तीन महिन्यांची वॉरंटी देणारा फोन बंद.

शेवटी शेजारच्या काकूंचा भाचा आला, तो रबाळ्यात एसीचंच काम करतो. त्याने आधी इनडोअरचं झाकण काढून टॉर्च मारला आणि मला म्हणाला, "दादा, इथे बघा." फिल्टरच्या मागे, ज्या गोल ब्लोअरने हवा खोलीत येते, त्याची पाती धुळीने काळी-लिबलिबीत झाली होती. कॉइलवरून पुरेशी हवाच जात नव्हती, म्हणून ती गोठत होती. पहिल्या दिवशी एसी थोडा वेळ बंद ठेवला तेव्हा त्यावरचा बर्फ वितळला, म्हणून त्या रात्री गार वाटलं. जेट पंपाने ब्लोअर नि कॉइल धुतली, ९०० रुपये घेतले.

मग मी गेजची गोष्ट सांगितली, तर तो हसायलाच लागला. आमच्या एसीत आर-३२ गॅस आहे. मशीन चालू असताना त्या व्हॉल्व्हवर साधारण ११० ते १४० दाब असणं ठीकच. बंद केलं की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि आपल्या उन्हाळ्यात काटा आपोआप अडीचशेच्या घरात जातो, गॅसचा थेंबही न टाकता. म्हणजे चालू एसीचा काटा आधी दाखवायचा, बंद एसीचा नंतर. जादू संपली. "गॅस काय पेट्रोल आहे का, जळून संपायला? कमी झाला तर कुठून तरी गळलाच पाहिजे. जोडाजवळ तेलाचा डाग आहे का पाहायचा, नायट्रोजन भरून लीक शोधायचं, बुजवायचं, पाइपमधली हवा ओढून व्हॅक्यूम करायचा, मग काट्यावर वजन करून भरायचा." आणि डब्याने घरी भरायचा बेत ऐकून मला झापलं: आर-३२ पेट घेऊ शकतो, पाइपमध्ये हवा राहिली किंवा गॅस जास्त झाला तर कॉम्प्रेसर जातो.

जाताना त्याने आउटडोअरवरचं स्टिकर दाखवलं. चार वर्षांत मी ते कधी वाचलं नव्हतं. आर-३२, ७८० ग्रॅम. एवढाच गॅस या मशीनमध्ये मुळात असतो. मी बिलाचा फोटो पुन्हा उघडला. 'गॅस चार्जिंग १ किलो.' मशीन पूर्ण रिकामं असतं तरी एवढा लागला नसता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला गेलो, तर समोरच्या पक्षाचं नाव-पत्ता म्हणून माझ्याकडे फक्त एक बंद मोबाइल नंबर. मग गेटवरचं रजिस्टर चाळलं. त्याच नंबरने त्या महिन्यात आमच्याच इमारतीत तीन नोंदी. एका घरी "आमचा तर मस्त चाललाय" म्हणून दार लावून घेतलं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र निमूटपणे फोन पुढे केला. त्यांच्याही बिलावर एक किलोच. त्यांचा एसी एक टनाचा आहे.