चालू भाडेकरूंसकट गाळे घेतले, मग भाडेकरार सांभाळायचं सॉफ्टवेअर घेतलं – काही महिन्यांनंतरचा अनुभव

दुकानांची बिल्डिंग भाडेकरूंसकट विकत घेतली की मालक बदलतो, करार तेच राहतात. जुन्या मालकाने जे जे लिहून दिलंय ते सगळं आता आपल्या गळ्यात. माझ्या हातात फायली आल्या त्या अशा की मूळ करार, त्यावर पुरवणी करार, मग एखादं सही केलेलं पत्र, आणि एका गाळ्याच्या फायलीत तर नुसती ईमेलची प्रिंट. हे सगळं डोक्यात ठेवणं शक्यच नव्हतं म्हणून ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. नाव देत नाही, कुठलंही घेणार असाल तरी हेच मुद्दे तपासावे लागतील.

पहिली गोष्ट, ते मालकासाठी बनवलंय की भाडेकरूसाठी हे बघा. आयएफआरएस 16 हे आंतरराष्ट्रीय हिशेबाचं स्टँडर्ड 1 जानेवारी 2019 पासून लागू झालं आणि जागा भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांना जवळपास सगळे करार ताळेबंदात दाखवावे लागायला लागले. मालकाच्या बाजूला त्याने फार काही बदललं नाही. त्यामुळे भाडेकरू कंपन्यांच्या त्या ताळेबंदाच्या कामासाठीचं सॉफ्टवेअर डेमोत कितीही भारी दिसलं तरी मालकाला काय हवं, तर वसुली, थकबाकी, मेंटेनन्सची वाटणी, ते त्यात आहे का हे आधी विचारायचं.

तारखांच्या बाबतीत मात्र पैसे वसूल. रिन्यूअलचा हक्क भाडेकरूकडे असतो आणि तो कळवायची मुदत ठरलेली असते, समजा करार संपायच्या 9 ते 6 महिने आधी, तर मुदत उघडते कधी आणि बंद होते कधी दोन्हीचे रिमाइंडर वेळेवर येतात. विमा संपायची तारीख, भाडेवाढीची तारीख, सगळं एका स्क्रीनवर. फक्त नोटीस पाठवली तो दिवस धरायचा की पोचली तो, याला रकाना नाही, ते मी शेरा म्हणून लिहून ठेवतो.

करार अपलोड केला की आपोआप वाचून माहिती भरतं म्हणतात ना, त्यावर विसंबू नका. माझ्याकडे त्याने सही झालेली तारीख हीच सुरुवात धरली, करारात भाडं ताबा मिळाल्यापासून होतं. पुरवणी करार तर त्याने वेगळाच करार समजून एकाच गाळ्यात दोन भाडेकरू दाखवले!

भाडेवाढीचं सेटिंग नीट बघा. दरवर्षी 5 टक्के वाढ मूळ भाड्यावर असेल तर 100 चं भाडं दहाव्या वर्षी 145 होतं, आदल्या वर्षीच्या भाड्यावर असेल तर 155.13. सॉफ्टवेअर न विचारता दुसरा प्रकार, म्हणजे आदल्या वर्षीच्या भाड्यावरची वाढ धरतं आणि बदलायचा पर्याय मेन्यूत पार आत कुठेतरी आहे.

खरी डोकेदुखी कॉमन मेंटेनन्स. समजा बिल्डिंग 10,000 चौरस फूट, त्यातली 8,000 भाड्याने गेलीय, भाडेकरूकडे 1,000. काही करारांत वाटा एकूण जागेवर, म्हणजे 10 टक्के, रिकाम्या गाळ्यांचा खर्च मालकाच्या खिशातून. काहींमध्ये भाड्याने गेलेल्या जागेवर, म्हणजे 12.5 टक्के. एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही प्रकारचे करार सर्रास सापडतात, त्यात कुणाला वार्षिक वाढीची मर्यादा, कुणाला नाही. सॉफ्टवेअर अख्ख्या बिल्डिंगला एकच भाजक घेतं, एकतर एकूण जागा नाहीतर भाड्याने गेलेली. सपोर्टवाले म्हणाले पुढच्या अपडेटला बघू. तोवर आपली एक्सेल शीट जिंदाबाद.

विक्रीवरच्या टक्क्याचं भाडं, म्हणजे दुकानाच्या विक्रीचा ठरलेला टक्का मूळ भाड्यापेक्षा जास्त भरला तर वरचा फरक मालकाला, हे जमतं त्याला. वर्षाचं मूळ भाडं 12 लाख आणि टक्का 6 असेल तर 2 कोटींच्या वरच्या विक्रीवरच जादा भाडं लागतं (2 कोटींचे 6 टक्के म्हणजेच 12 लाख), हे ते बरोबर काढतं, विक्रीचे आकडे भाडेकरूकडून मागवायचं काम आपलंच. पण 'या धंद्याचं दुसरं दुकान इथे देणार नाही' अशी अट एखाद्याच्या करारात असली तर ती नुसती टीप म्हणून पडून राहते, नवा भाडेकरू टाकताना कसली वॉर्निंग नाही. रिकामा गाळा द्यायच्या आधी सगळ्या अटी मी स्वतः चाळतो.

डिपॉझिटचा किस्सा तर कहर. डिपॉझिट जुन्या मालकाकडे होतं, ते खरेदीच्या रकमेतून वळतं करून घेतलं. सॉफ्टवेअरला पावती भाडेकरूच्याच नावाने हवी, दुसरा पर्यायच नाही. ती टाकताच भाडेकरूला आपोआप ईमेल गेला आणि त्याचा फोन, "साहेब, मी परत डिपॉझिट कधी भरलं?" मग त्याला सगळं समजावून सांगावं लागलं.

खरेदी करणाऱ्यांनी एक कराच, व्यवहार पूर्ण व्हायच्या आत प्रत्येक भाडेकरूकडून सहीचं पत्र घ्या की करार आणि पुरवण्या एवढ्याच, भाडं इतकं, डिपॉझिट इतकं, आगाऊ भाडं इतकं, आणि मालकाकडून येणं काही नाही. याला एस्टॉपेल सर्टिफिकेट म्हणतात. विकणाऱ्याच्या भाड्याच्या यादीतला आकडा आणि या पत्रातला आकडा जुळला तरच सॉफ्टवेअरमध्ये भरा, नाहीतर चुकीचाच आकडा दर महिन्याला सुबक छापून येतो.

मी प्लॅन चालू ठेवणार आहे, पण सगळ्यात छोटा, तारखा आणि थकबाकीपुरता. वर्षाचे पैसे भरायच्या आधी एक्सपोर्ट करून बघा, माझ्यात आकडे एक्सेलमध्ये उतरतात पण जोडलेल्या पीडीएफ एकेक करून डाउनलोड कराव्या लागतात.