एक १२ इंची की दोन १० इंची? गाडीतला सबवूफर ठरवताना

आवाज वाढवायचा असेल तर पैसे आधी बॉक्सवर (सबवूफर ज्यात बसतो ती लाकडी पेटी) घाला, मग सबच्या, म्हणजे बेस वाजवणाऱ्या त्या मोठ्या स्पीकरच्या, आकारावर किंवा संख्येवर, आणि वॅट सगळ्यात शेवटी. नाशिकमध्ये नव्या गाडीला सिस्टीम बसवताना बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. पॅकिंगच्या खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा बघून वूफर ठरतो आणि दुकानात तयार पडलेला बॉक्स डिकीत जातो.

वॅटचं गणित फार कंजूष आहे. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे सबला ताकद पुरवणारा ३०० वॅटचा अ‍ॅम्प काढून ६०० चा लावला तर फरक कळेल, पण आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटणार नाही. त्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. त्यातही खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो पीक, म्हणजे क्षणभरच झेपणारा, आकडा. तुलना करायची ती आरएमएसची, म्हणजे सतत झेपणाऱ्या वॅटची. दोन सबची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये निघणारा आवाज, ८७ आणि ९० डेसिबल असेल, तर दुसरा निम्म्या वॅटमध्ये पहिल्याइतका वाजतो. हा आकडा दुकानात फारसं कुणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

आता बॉक्स. खरी कमाई इथे आहे. १२ इंची सबला सील्ड (पूर्ण बंद) बॉक्स साधारण २८ ते ३० लिटरचा पुरतो, पोर्टेडला, म्हणजे हवेसाठी भोक किंवा नळी (पोर्ट) असलेल्याला, ५० ते ५५ लिटर लागतात. ही जास्तीची जागा दिलीत तर ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या सुरावर सर्वात जास्त मदत करतो त्याच्या, आसपास, समजा ३५ हर्ट्झच्या जवळपास, पोर्टेड बॉक्स तोच सब ३ डेसिबल किंवा त्याहूनही जास्त जोरात वाजवतो. अ‍ॅम्प दुप्पट करून जे मिळालं असतं ते लाकडातून मिळतं! मात्र ट्यूनिंगच्या खाली पोर्टेडचा आवाज झपाट्याने पडतो आणि सबच्या कोनला (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार राहत नाही, म्हणून अ‍ॅम्पवर अगदी खालचे सूर कापणारा सबसॉनिक फिल्टर हवाच. सील्डचा उतार सौम्य असतो आणि बंद गाडीची केबिन खालचे सूर आपणहून उचलून धरते. नाशिक ढोलाचा ठोका सुटा, कोरडा ऐकायचा असेल तर मी सील्डच सांगेन. डीजेचा लांबलचक घुमणारा बेस हवा असेल तर पोर्टेड. तयार बेस ट्यूबही (सब आधीच बसवलेल्या गोल नळ्या) बहुतेक पोर्टेडच असतात, पण तिथे सब आणि बॉक्सचा मेळ कंपनीने ठरवलेला असतो, तुम्ही नाही.

आकार आणि संख्या हा प्रश्न शेवटी एकच आहे: एकूण किती हवा ढकलली जाते. १० इंची सबच्या कोनचं क्षेत्रफळ सुमारे ३३० चौरस सेंटिमीटर, १२ इंचीचं ४८०, १५ इंचीचं ८०० च्या आसपास. म्हणजे दोन १० इंची मिळून एका १२ इंचीला सहज मागे टाकतात आणि १५ इंचीच्या जवळ जातात. तसाच दुसरा सब जोडला आणि एकूण वॅट तेवढेच ठेवले तरी ३ डेसिबल वाढतात. दोघांना मिळून वॅटही दुप्पट दिले तर ६. फक्त बॉक्सची जागाही दुप्पट लागते. आणि ४ ओहमचे दोन सब समांतर जोडले की अ‍ॅम्पला २ ओहम दिसतात, तेवढ्यावर तो टिकतो का ते आधी बघा.

सीएनजीची हॅचबॅक असेल तर हा सगळा वाद मिटतो, कारण डिकी बहुधा टाकीने घेतलेली असते. तिथे सीटखालचा ८ इंची अ‍ॅक्टिव्ह सब (अ‍ॅम्प आतच असलेला) घ्या. गंगापूर रोडवर तो छान भरून वाजतो. मुंबई-आग्रा महामार्गावर मात्र टायरचा घरघराट त्याचा बराच बेस गिळतो, ही मर्यादा मान्य करूनच घ्या. सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये मागची सीट येते. तिथे सबचं तोंड मागे करून, बॉक्स डिकीच्या झाकणाकडे सरकवून एकदा ऐका. पुष्कळदा तेवढ्यानेच फरक पडतो.

वॅट वाढवण्याआधी बॉनेट उघडा. ५०० वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. लहान गाड्यांचा अल्टरनेटर बहुधा ७० ते ९० अँपिअरचा, त्यात एसी आणि हेडलाइटचा वाटा आधीच गेलेला. वायर शुद्ध तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ.

डिकी रिकामी असलेल्या पेट्रोल हॅचबॅकला माझी निवड ठरलेली आहे: एक चांगला १२ इंची, मापाने बनवलेला पोर्टेड बॉक्स, ३०० ते ५०० वॅट आरएमएसचा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा अ‍ॅम्प). दोन १० इंची तेव्हाच, जेव्हा डिकीत सामान ठेवायचंच नाही. बॉक्स बनवायला देताना किती लिटर आणि किती हर्ट्झला ट्यून करणार हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या, आणि ते सब कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून मगच प्लाय कापायला सांगा.